संगणकांचा सहकार

सातारा आणि सांगली हे आज दोन वेगळे जिल्हे आहेत. परंतु १९४९ पूर्वी सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच मोडत असे. त्या वर्षी 'दक्षिण सातारा' हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच 'सांगली' हे नाव मिळाले. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा या दोन्ही जिल्ह्यांना पाणी पाजते. नदीचे पाणी उचलून माळावर नेणे एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. पन्नास शेतकरी एकत्र आले, म्हणजे मात्र एकाच पंपाचे पाणी पन्नास शेतांना मिळते. यालाच सहकार म्हणतात. संगणकांच्या जगातही हाच न्याय लागू पडतो.

एका घरात दोन संगणक आणि तीन मोबाइल आहेत, असे समजा. प्रत्येकासाठी इंटरनेटची निराळी जोडणी घेतली, तर खर्च पाचपट होईल. म्हणून घरात एकच जोडणी घेतात आणि ती राउटर नावाच्या एका लहानशा पेटीत आणून सोडतात. घरातील सर्व यंत्रे या पेटीला तारेने किंवा बिनतारी लहरींनी जोडलेली असतात. यंत्रांच्या अशा समूहास संगणकांचे जाळे म्हणतात.

राउटरचे काम कसे चालते? पूर्वी मोठ्या वाड्यात दहा-दहा बिऱ्हाडे राहत. समजा, अशा एका वाड्याची सर्व पत्रे दाराशी बसलेला कारभारीच पाठवी. पत्रावर तो वाड्याचा पत्ता घाली आणि ते कोणत्या बिऱ्हाडाचे, याची नोंद आपल्या वहीत ठेवी. उत्तर आले, की वही पाहून ते योग्य दारी पोहोचवी. राउटर म्हणजे असाच कारभारी होय. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो. परंतु आत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता असतो. माहितीची लहान लहान पुडकी येतात आणि कोणते पुडके कोणी मागविले होते, हे नोंदीवरून पाहून राउटर ते त्याच यंत्राकडे धाडतो. हे सारे निमिषार्धात घडते.

जोडणी एकच असल्यामुळे ती वाटून घ्यावी लागते. पाटाचे पाणी सर्वांनी एकाच वेळी आपापल्या शेतात वळविले, तर प्रत्येकाची धार बारीक होते. इंटरनेटचेही तसेच आहे. जोडणी दर सेकंदास १०० मेगाबिटची असेल आणि चौघेजण एकाच वेळी मोठमोठी चित्रे उतरवून घेऊ लागले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे २५ मेगाबिट येतील. धाकट्या बहिणीचा अभ्यास चालू असता थोरल्याने चित्रपट थोडा वेळ लांबणीवर टाकावा, हे शहाणपण यंत्राला नव्हे, माणसालाच शिकावे लागते.

जाळ्याचा दुसरा उपयोग म्हणजे एका यंत्रातील फाइल दुसऱ्या यंत्रावर पाहता येणे. ही रीत समजून घेण्यासाठी सातारा जिल्ह्यातील भिलार या गावाकडे पाहावे. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान वसलेले हे गाव मे २०१७ मध्ये 'पुस्तकांचे गाव' झाले. तेथे सारी पुस्तके एका इमारतीत कोंडलेली नाहीत. एका घरी कथा, दुसऱ्या घरी कविता, तिसऱ्या घरी इतिहास, अशी ती गावभर ठेवलेली आहेत. ज्याला जे हवे, त्याने त्या घरी जावे आणि वाचावे. संगणकांच्या जाळ्यातही फाइली निरनिराळ्या यंत्रांत असतात आणि सर्वांना त्या उघडून पाहता येतात. विशेष म्हणजे, हा व्यवहार घरातल्या घरात होत असल्यामुळे बाहेरचे इंटरनेट बंद पडले, तरी तो अडत नाही.

मात्र घर पाहुण्यांसाठी उघडे असले, तरी देव्हारा आणि तिजोरी कोणी उघडी टाकत नाही. म्हणून जाळ्यातही मालकाने दोन गोष्टी ठरवावयाच्या असतात. कोणती फाइल इतरांना दिसावी, ही पहिली. आणि ती नुसती वाचता यावी की बदलताही यावी, ही दुसरी. शिवाय राउटरला कठीण परवलीचा शब्द द्यावा. नाहीतर रस्त्यावरचा परकाही जाळ्यात शिरेल.

हेच तत्त्व अनेक गावांना लावण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग वारणेच्या खोऱ्यात झाला. सह्याद्रीत उगम पावणारी वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. तिच्या उत्तरेस सांगली जिल्हा व दक्षिणेस कोल्हापूर जिल्हा आहे. वारणानगर येथे सहकारी साखर कारखाना आहे. उसाची नोंद, तोडणीची पाळी, उसाचे वजन आणि बिलाची रक्कम या गोष्टींवर शेतकऱ्याचे सारे वर्ष अवलंबून असते. त्या कळाव्यात म्हणून त्याला काम टाकून हेलपाटे घालावे लागत. १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था यांनी मिळून दोन्ही जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना हाती घेतली. गावातील संगणक टेलिफोनच्या तारेने वारणानगरशी जोडले गेले. कारखान्याच्या दप्तरातील नोंद शेतकऱ्याला आपल्याच गावात पाहता येऊ लागली.

पुढे हे संगणक जुने होऊ लागले आणि त्यांची निगा महाग पडू लागली. तेव्हा २००६ च्या सुमारास सात गावांत निराळा प्रयोग झाला. संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून संदेश पाठवावा आणि उसाची माहिती संदेशानेच परत यावी, अशी ती सोय होती. शेतकऱ्याला हवी असलेली माहिती मोजक्या आकड्यांची होती. ती लहानशा संदेशातही मावली. यावरून एक गोष्ट दिसून आली. यंत्र कोणते आहे, याला दुय्यम महत्त्व आहे. ज्याची माहिती आहे, त्याच्या हाती ती वेळेवर पडते की नाही, हेच मुख्य.

लाडू वाटला, तर तो कमी होतो. फाइल वाटली, तर ती कमी होत नाही. परंतु ती विश्वासाने द्यावी लागते आणि विश्वासानेच वापरावी लागते. सहकाराचा हा जुना नियम संगणकांच्या जाळ्यातही तितकाच खरा आहे.

शब्दार्थ : निमिषार्धात – क्षणार्धात, बिऱ्हाड – एका कुटुंबाची राहण्याची जागा, परवलीचा शब्द – ओळख पटविणारा गुप्त शब्द, हेलपाटे – पुन्हा पुन्हा केलेल्या खेपा, दप्तर – कचेरीतील नोंदींचा संग्रह.

स्वाध्याय

१. राउटरला वाड्याच्या कारभाऱ्याची उपमा का दिली आहे?
२. इंटरनेट बंद असताना घरातील जाळ्याचा कोणता उपयोग होऊ शकतो?
३. फाइल इतरांना देताना मालकाने कोणत्या दोन गोष्टी ठरवाव्यात?
४. वारणा खोऱ्यातील योजनेमुळे ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची कोणती अडचण दूर झाली?
५. तुमच्या गावात अनेकांनी मिळून वापरण्याची एखादी वस्तू किंवा सोय आहे काय? तिच्या वापराचे नियम दहा ओळींत लिहा.