भराव टाकण्याआधी

पुणे,
१० मे

चि. मृण्मयीस,


तू पाठवलेला प्लॉटचा नकाशा पाहिला. रस्ता उंच झालाय म्हणून अख्ख्या प्लॉटवर तीन फूट भराव टाकायचा, असं ठेकेदार म्हणतोय. पावसाळा तोंडावर आहे, त्याला घाई असणारच. तू मात्र घाईने सही करू नकोस. आपली इमारत कोरडी राहिली म्हणजे निम्मंच काम झालं. आपल्यामुळे शेजाऱ्याच्या दारात पाणी जाऊ नये, हे उरलेलं निम्मं.

जोतं उंच घ्यायला माझी ना नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर हवंच. पण त्यासाठी सगळा प्लॉट उचलायची गरज नसते. तुझ्या प्लॉटच्या वरच्या अंगाला शेती आहे. तिथलं पाणी आजवर तुमच्या जागेतूनच ओढ्याला गेलंय. वरच्या जमिनीचं पाणी नैसर्गिक उताराने खाली येत असेल, तर खालच्या मालकाने ते येऊ द्यायचं, असं १८८२चा सुविधाधिकार अधिनियम सांगतो. शेतीचं पाणी तुंबवणारा बेकायदा अडथळा काढायला लावण्याचा अधिकार १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदाराला दिलाय. तेव्हा भराव आणि सलग कंपाउंड वॉल घालण्याआधी त्या पाण्याला आतून चर काढून दे.

मग स्वतःच्या पाण्याचा हिशेब मांड. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस मीटर छत आणि पेव्हर असेल आणि तासाला ५० मिलिमीटर कोसळला, तर तासाभरात पन्नास हजार लिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा लिटर. मोकळ्या जमिनीत यातलं बरंच मुरत होतं. आता जवळपास सगळं वाहणार. म्हणून पुनर्भरणाचा खड्डा नुसता नकाशावर ठेवू नकोस, आधी खणून त्यात पाणी मुरतं का ते बघ.

साइटवर दोन गोष्टी स्वतः तपास. पावसाळी चेंबरची जाळी पेव्हरपेक्षा इंचभर जरी वर बसली, तरी पाणी तिच्या कडेलाच साचतं. म्हणून आधी चेंबरची लेव्हल पक्की कर, पेव्हर मागाहून. दुसरं, गच्चीचे पाइप ड्रेनेजच्या चेंबरला कुणाला जोडू देऊ नकोस. मोठ्या सरीत ती लाइन भरते आणि तळमजल्याच्या न्हाणीघरात मैला वर येतो.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री इथे पुण्यात आंबिल ओढ्याचं पाणी घरांत शिरलं, माणसं गेली. ओढ्याकाठी काम करणाऱ्या इंजिनिअरने ती रात्र विसरता कामा नये.

गाव नकाशावर ओढा बघ, वरच्या शेतकऱ्याला पाण्याची वाट विचार, ऑटो लेव्हल लावून शेताच्या बांधापासून ओढ्यापर्यंतच्या लेव्हल घे. त्या मला पाठव. भराव कुठे आणि किती, ते मग ठरवू.

तुझा,
अण्णाकाका