बाई, हे खरंच घडलं होतं का?

महाराष्ट्रात चौथीचं वर्ष म्हणजे शिवछत्रपतींचं वर्ष. मुलं धडे घडाघडा म्हणतात. त्याच माणसांच्या गोष्टी त्यांनी आजीकडून, टीव्हीवरून आणि गडावरच्या गाइडकडूनही ऐकलेल्या असतात. कोणती गोष्ट कुठून आली, याचा पत्ता मात्र नसतो. चौथीचा वर्ग घेता घेता ऐतिहासिक गोष्ट कशी वाचून घ्यावी, याबद्दल जे हाती लागलं ते लिहिते आहे.

१. आधी सुतळी बांधा. नऊ वर्षांच्या मुलाला १६७४ हा नुसता आकडा असतो. आजोबांचं लहानपण आणि महाराजांचा राज्याभिषेक त्याच्या लेखी शेजारीशेजारी. म्हणून फळ्यापासून दारापर्यंत साडेतीन मीटर सुतळी बांधायची. वर्षाला एक सेंटिमीटर. मुलाचं स्वतःचं आयुष्य त्यावर वीतभरही भरत नाही. आजी साठ-पासष्टवर, स्वातंत्र्य तिच्या जरा पलीकडे. बोरीबंदर-ठाणे रेल्वे १८५३ ची, म्हणजे तिचा चिमटा जवळजवळ मधोमध लागतो. म्हणजे आगगाडीपासून मागे राज्याभिषेकापर्यंत पुन्हा तेवढीच सुतळी! हे मुलांना सांगावं लागत नाही, दिसतं. पुढे कुठलीही गोष्ट वाचली की कोणीतरी उठून चिमटा लावून येतं.

२. चुका पेरा. मी एक उतारा स्वतः लिहून वाचते. मावळा काडी ओढून मशाल पेटवतो, चहाचा घोट घेतो, बटाट्याच्या भाजीशी भाकरी खातो आणि "दहा मिनिटांत निघू" म्हणतो. चहा लगेच पकडला जातो. बटाट्यावरून भांडण होतं. काडेपेटी आणि मिनिटं बहुतेक वेळा सहीसलामत सुटतात. मग घटका आणि प्रहर फळ्यावर येतात. खिडक्या लावून, अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासायच्या. उजेड चमकतो, जळका वास येतो आणि अख्खी चौथी बाकांवर चढते. चकमक झाडून विस्तव पाडणं म्हणजे काय, हे त्यानंतर सांगावं. लेखकाला एका वाक्यासाठी किती शोधाशोध करावी लागते, याचा अंदाज मुलांना इथे पहिल्यांदा येतो.

३. 'खरं' आणि 'खोटं' असे दोनच रकाने आखू नका. तानाजी मालुसरे फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर लढताना पडले, हे पक्कं. घोरपड मात्र तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. दोनच रकाने असले की ती बिचारी खोट्यात जाते, वर्ग हिरमुसतो आणि दुसऱ्या दिवशी एखादे वडील दारात उभे राहतात. मी तीन रकाने आखते: कागदपत्रांत आहे, लोक सांगत आले, लेखकाने घातलं. हिरकणी दुसऱ्यात जाते. रायगडावर तिच्या नावाचा बुरूज आहे, हे कोणीतरी ठासून सांगतंच. त्यावर मी विचारते, बुरूज आहे म्हणून गोष्टही घडली, असं म्हणता येईल का? यावर तास संपतो. संपू द्यावा.

रकाने भरून झाले की घोरपडीकडे परत जायचं. शाहिराला ती का लागली असेल? एका मुलीने सांगितलं, "बाई, कडा किती सरळ आहे ते ऐकणाऱ्यांना कळायला." याहून चांगलं उत्तर मलाही देता आलं नसतं.

४. महाराजांना सोडा, भोई धरा. थोरांबद्दल लिहायला सांगितलं की मुलं निबंधातली ठेवणीतली वाक्यं काढतात. पण १६६० च्या जुलैतली पन्हाळ्याची रात्र घ्या. सिद्दी जौहरचा वेढा, मुसळधार पाऊस, दोन पालख्या. एकीत महाराजांचं रूप घेतलेले शिवा काशीद. त्या पालखीच्या दांडीखाली खांदा देणारा एक भोई निवडायचा आणि त्याच्या तोंडून दहा ओळी लिहायच्या. लगेच प्रश्न सुरू होतात. पायात वहाणा होत्या का? चिखलात पाय रुतला तर पालखी कलंडेल ना? पावसात मशाल टिकते? यातलं काही पुस्तकांत सापडतं, काही आजोबांना विचारून येतं. पण एका मुलाने विचारलं, "आत खरे महाराज नाहीत, हे भोयाला माहीत होतं का?" इथे कागद आपल्याला पुढे नेत नाहीत. लेखकाने ठरवायचं. अर्ध्या वर्गाने 'माहीत होतं' धरून लिहिलं, अर्ध्याने 'नव्हतं' धरून, आणि दोन्हींकडच्या गोष्टी पार वेगळ्या निघाल्या. 'नव्हतं'वाल्या मला जास्त आवडल्या. त्यांतला भोई जीव तोडून धावत होता.

५. जाडजूड कादंबरी चौथीच्या हाती देऊ नका, तिचं एक पान वाचून दाखवा. गोनीदांच्या 'झुंजार माची'तलं चालतं. त्यांनी गड पायी पालथे घातले होते, ते पानोपानी जाणवतं. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत बसू नये.

६. अवतरणचिन्ह दिसलं की विचारायला शिकवा: "हे बोलणं ऐकायला तिथे कोण होतं?" मुलांना हा खेळ फार आवडतो. मात्र ती तेवढ्यावर थांबत नाहीत. आठवड्याभरात हाच प्रश्न पाठ्यपुस्तकाला, मग राष्ट्रीय सणाच्या भाषणांना आणि शेवटी आपल्यालाही विचारला जातो. मुख्याध्यापकांना आधी कल्पना देऊन ठेवलेली बरी.