संदर्भनोंद : काय सुधारावे आणि काय सुधारू नये



गेल्या वर्षी आपल्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी ‘आपला सीमाभाग’ हा प्रकल्प केला. संदर्भग्रंथांची यादी हाताने न लिहिता त्यांनी ती संगणकावर, झोटेरो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठेवली होती. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी आम्ही सूचना दिली : ‘‘जुन्या नोंदी अद्ययावत करा.’’

मुलांनी सूचना तंतोतंत पाळली. ‘बेळगाव’ होते तेथे ‘बेळगावी’ केले, ‘म्हैसूर’ होते तेथे ‘कर्नाटक’ केले. यादी नीटनेटकी दिसू लागली, पण चुकीची झाली. एका पालकांना महाजन आयोगाचा अहवाल वाचायचा होता. आपल्या यादीतले नाव घेऊन ते ग्रंथालयात गेले, तेव्हा ‘‘या नावाचा अहवाल नाही’’ असे उत्तर मिळाले. १९६७ च्या त्या अहवालाच्या नावात महाराष्ट्र, म्हैसूर आणि केरळ अशी तीन राज्ये आहेत. आपल्या यादीत म्हैसूरचे कर्नाटक झाले होते. हा दोष मुलांचा नव्हे, आमच्या अर्धवट सूचनेचा होता. तो भरून काढण्यासाठी हा पाठ.

नोंद म्हणजे पुस्तकाचा पत्ता

लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, प्रकाशनस्थळ आणि वर्ष मिळून संदर्भनोंद होते. वाचणाऱ्याला नेमके तेच पुस्तक हाती लागावे, एवढेच तिचे काम. म्हणून नियम एकच : पुस्तकाच्या मुखपृष्ठामागील पानावर जे छापले आहे, ते नोंदीत यावे. गावाचे नाव पुढे बदलले तरी जुन्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का बदलत नाही. तसेच हे.

आपल्या भागात ही काळजी जास्त घ्यावी लागते. बेळगाव जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ पासून तो म्हैसूर राज्यात गेला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. म्हणून १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड ‘बेळगाव’ याच नावाने नोंदवायचा. २०१० साली पुणे विद्यापीठाला सादर झालेला प्रबंध ‘पुणे विद्यापीठ’ असाच नोंदवायचा, कारण ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ हे नाव २०१४ साली आले. आजचे नाव सांगायचे असेल तर त्या नोंदीला जोडलेल्या टिपणात लिहावे. मूळ रकान्याला हात लावू नये.

मग सुधारायचे काय?

पहिली गोष्ट, टंकलेखनाच्या चुका. दुसरी, वर्ष. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा शालिवाहन शक असतो. ‘शके १८४६’ पाहून कोणी १८४६ लिहिले तर पुस्तक ७८ वर्षे मागे जाते. शकात ७८ मिळवावेत, म्हणजे १९२४ येते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत हा हिशेब बरोबर असतो, पुढच्या महिन्यांना ७९ मिळवावेत. तिसरी, इंटरनेटवरून आलेली वर्षे. जुन्या ग्रंथाची छायाप्रत ज्या वर्षी संकेतस्थळावर चढवली, तेच वर्ष कधी कधी प्रकाशनवर्ष म्हणून नोंदीत येते. चौथी, लेखकाचे नाव. ‘य. दि. फडके’, ‘फडके, यशवंत दिनकर’ आणि रोमन लिपीतले तेच नाव, अशा तीन तऱ्हा झाल्या तर संगणक त्यांना तीन लेखक समजतो. २००० साली बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष एकच होते!

नोंद आपोआप बदलत नाही

पुष्कळांचा समज असतो की संकेतस्थळावर माहिती सुधारली की आपल्या संगणकातली नोंदही सुधारते. तसे होत नाही. नोंद ज्या दिवशी साठवली, त्या दिवसाची ती प्रत असते. सुधारणा आपणच करावी लागते. तिच्या पायऱ्या अशा :

१. पुस्तक किंवा त्याच्या पहिल्या पानांची छायाप्रत समोर ठेवा. आठवणीवर सुधारू नका.

२. एखाद-दुसरी चूक असेल तर नोंद उघडून त्या रकान्यातच दुरुस्त करा.

३. बरेच रकाने चुकले असतील आणि पुस्तकावर आयएसबीएन क्रमांक असेल, तर त्या क्रमांकावरून नवी नोंद मागवा. जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतो. तेथे हाताने लिहिण्याला पर्याय नाही.

४. नवी नोंद आली म्हणून जुनी पुसू नका. ‘डुप्लिकेट आयटम्स’मध्ये दोन्ही निवडून ‘मर्ज’ करा आणि कोणत्या नोंदीतली माहिती ठेवायची ते ठरवा. दोन्ही नोंदींचा प्रकार एकच हवा. एक ‘पुस्तक’ आणि दुसरी ‘अहवाल’ असेल तर त्या एकत्र होत नाहीत.

५. शेवटी वर्डमधील लेख उघडून ‘रिफ्रेश’ दाबा. लेखातले संदर्भ आणि यादी दोन्ही सुधारतील.

चौथी पायरी महत्त्वाची आहे. आपल्या एका विद्यार्थिनीने जुनी नोंद पुसून नवी केली. तिची नवी नोंद अगदी बिनचूक होती, पण लेख पुसलेल्या नोंदीलाच बांधलेला राहिला आणि छापून आले ते जुने वर्ष. दोन्ही नोंदी एकत्र केल्या असत्या तर तो धागा तुटला नसता.

विकिपीडियासारखी पाने रोज बदलू शकतात. तेथे आपण पान कोणत्या दिवशी पाहिले ती तारीख ठेवावी आणि ‘इतिहास’मध्ये जाऊन त्याच आवृत्तीचा दुवा घ्यावा.

एवढा खटाटोप कशासाठी?

महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावे असे म्हटले आणि निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस केली. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. आपल्या मुलांना या प्रश्नावर घरी, चौकात, सभेत पुष्कळ ऐकायला मिळते. ऐकलेले खरे की खोटे, हे कागद पाहिल्यावाचून कळत नाही आणि पत्ता चुकला की कागद सापडत नाही. ज्याचा एक संदर्भ चुकला, त्याच्या बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टींवरही समोरचा विश्वास ठेवत नाही. घरात आपण बेळगाव म्हणतो, म्हणत राहू. पण २०१५ च्या एखाद्या पुस्तकावर ‘बेळगावी’ छापले असेल, तर नोंदीत ‘बेळगावी’च येईल. आपल्याला आवडणारे नाव तेथे घालणे म्हणजे कागदाशी खोटे बोलणे होय.

करून पाहा : घरातील सर्वांत जुने मराठी पुस्तक शोधा. त्यावर छापलेले लेखकाचे नाव, प्रकाशनस्थळ आणि वर्ष जसेच्या तसे उतरवून आणा. शक असेल तर शेजारी इसवी सन लिहा. पालकांनी या शोधात मुलांना मदत करावी. सर्व नोंदी शाळेच्या संगणकावर एकत्र करू. या वेळी सूचना पुरी देत आहोत : चुका सुधारा, इतिहास सुधारू नका.

— मुख्याध्यापक