आजचा विचार : गीतेतला 'चोर' कोण?

गीता, अध्याय 3, श्लोक 12 आणि 13



सध्या अप्रेझलचे दिवस आहेत. यंदा माझी पगारवाढ जेमतेम झाली. वरच्या साहेबांचं पॅकेज कोटींत आणि आपल्या हातावर चिल्लर! घरी येऊन आईपाशी हेच रडगाणं गात होतो. तेवढ्यात भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, पुढच्या महिन्यापासून दोनशे वाढवाल का?" मी पटकन बोलून गेलो, "आत्ताच तर वाढवले होते ना, मावशी!" त्या गप्प बसल्या.

रात्री वाचनात नेमके हेच दोन श्लोक आले. भगवंत म्हणतात, जे मिळालं त्यातलं परत न देता जो नुसता भोगतो, तो चोर. जो फक्त स्वतःपुरतं रांधतो, तो पाप खातो. मनात आलं, हे साहेबांनाच लागू आहे!

मग वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबचा 2024 चा अहवाल पाहिला. 2022-23 मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातला 22.6 टक्के वाटा वरच्या 1 टक्का लोकांकडे गेला. खालच्या निम्म्या जनतेला मिळून 15 टक्के. राग येणारच. पण त्यातच पुढे दिसलं, त्या वर्षी साधारण 2 लाख 90 हजार कमावणारी व्यक्ती देशातल्या वरच्या 10 टक्क्यांत मोडत होती. म्हणजे मी. आणि कदाचित तुम्हीसुद्धा.

विषमता मोजताना आपण कायम वर बघतो. वरच्यांना जाब विचारायलाच हवा, त्यात चूक नाही. पण तोच प्रश्न खालून आपल्याला विचारला जातो, तेव्हा आपण काय उत्तर देतो? गीता आपल्याला स्वतःच्या ताटाकडे बघायला लावते. यज्ञ म्हणजे फक्त होमहवन नव्हे. ज्यांच्या कष्टांवर आपला दिवस उभा आहे, त्यांचा वाटा आधी बाजूला काढणं हाही यज्ञच. ते दान नाही, त्यांचं देणं आहे.

सकाळी मावशींची माफी मागितली. तीनशे वाढवले, सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत असंही ठरवलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

आज एवढंच करूया : आपल्याकडे काम करणाऱ्यांना शेवटची वाढ कधी दिली, ते आठवून बघूया. आठवलं नाही, तर तेच आपलं उत्तर.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥