यंत्रांची तहान

उन्हाळ्यात माठातील पाणी गार का असते? माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते व ती आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. याच साध्या तत्त्वावर आज अनेक डेटा सेंटर थंड राखली जातात.

डेटा सेंटरमध्ये हजारो संगणक अहोरात्र चालतात. त्यांना पुरवलेल्या जवळजवळ साऱ्या विजेची अखेर उष्णता होते. ती बाहेर काढली नाही, तर यंत्रे बंद पडतात. म्हणून तापलेले पाणी उंच मनोऱ्यांत सोडतात. थोड्या पाण्याची वाफ होते व उरलेले थंड होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना, १ किलोवॉटची विजेची शेगडी ४० मिनिटांत देईल एवढी उष्णता शोषली जाते. मात्र ते पाणी हवेत विरून जाते.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, कोलंबिया नदीकाठी, द डॅल्स हे लहानसे शहर आहे. तेथील गूगलच्या डेटा सेंटरना किती पाणी लागते, हे सांगण्यास नगर प्रशासनाने प्रथम नकार दिला. एका वृत्तपत्राने आग्रह धरला. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर २०२२ साली आकडे उघड झाले. आदल्या वर्षी शहराच्या पाण्यापैकी चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी तेथेच खर्ची पडले होते!

फिनलंडमधील हामिना येथे मात्र याच कंपनीने जुन्या कागद-गिरणीच्या बोगद्यातून समुद्राचे थंड पाणी आत घेतले. ते उष्णता घेऊन पुन्हा समुद्रास मिळते.

माठात किती पाणी उरले, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असते. गावाच्या पाण्याचा हिशेबही तसाच सर्वांस ठाऊक असावा.