रिंगणात तेच ते गोल कशासाठी?

प्रश्न : माझी १२ वर्षांची मुलगी घोडेस्वारी शिकते. माथेरानला गोडी लागली, म्हणून क्लबात घातली. पण इथे दर वेळी कुंपणातल्या त्याच वाळूवर गोल, आठचा आकडा आणि नागमोडी फेऱ्या! घोडा तर हे वर्षानुवर्षं करतोय. मग शिकतंय कोण? आणि त्या बिचाऱ्याला कंटाळा येत नाही का?
– एक पालक, ठाणे

उत्तर : माथेरानच्या घोड्याला त्याची वाट पाठ असते, बहुधा लगाम धरून घोडेवालाही सोबत चालतो. पाठीवर बसलेलं मूल हा प्रवासी. रिंगणातल्या वाळूवर मात्र वाटच नसते. ती पावलापावलाला स्वारानेच आखायची आणि चुकली की सगळ्यांना दिसते. व्यायाम आहे तो हाच.

सर्वांत साधा प्रकार घ्या, २० मीटर व्यासाचं वर्तुळ. लहान रिंगण २० बाय ४० मीटरचं असतं, म्हणजे त्याच्या अर्ध्या भागात हे वर्तुळ नेमकं बसतं. कडेला ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशा पाट्या, आणि मधोमध पाटी नसलेला एक्स बिंदू. ए-पासून निघालेलं वर्तुळ एक्सवरून जायला हवं आणि दोन्ही लांब बाजूंना कोपऱ्यापासून १० मीटरवर टेकायला हवं. गंमत म्हणजे तिथे पाटीच नाही. के आणि एफ आहेत ६ मीटरवर. नवा स्वार पाटी दिसली की घोडा तिकडे नेतो, कोपऱ्यात शिरतो आणि वर्तुळाला कोपरे फुटतात. तुम्ही कुंपणाबाहेर उभ्या असताना वाळूवरचे खुरांचे ठसे पाहा, सगळा हिशेब तिथे मांडलेला असतो.

आता घोड्याची बाजू. माणसांत डावखुरे-उजवे असतात तसा घोडाही एका बाजूला सहज वाकतो, दुसऱ्या बाजूला ताठ राहतो. त्यात दार आलं की बाहेर सरकायची ओढ. अशा वेळी मुलं आतला लगाम ओढतात. मान तेवढी वळते, खांदा बाहेरच्या बाजूने निसटतो आणि घोडा आत बघत बाहेर चालू लागतो! खरं काम बाहेरच्या लगामाचं. तो खांदा आवरतो. आतला पाय तंगाजवळ, बाहेरचा किंचित मागे, नजर पाव वर्तुळ पुढे. चारही गोष्टी एकदम जमायला वर्ष लागलं तर त्यात नवल नाही.

बरं, घोड्याला हे येत असलं तरी त्याची गरज संपत नाही. उभ्या घोड्याचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. वरून स्वार बसतो. वर्तुळावर नीट वाकून चालताना आतला मागचा पाय पोटाखाली पुढे टाकावा लागतो, भार उचलावा लागतो. तुमच्या-माझ्या व्यायामासारखंच आहे हे, माहीत असून भागत नाही.

आठचा आकडा याहून बेरकी. एक्सवर दिशा बदलते, म्हणजे आतलं ते बाहेरचं होतं. दुडकीत घोडा समोरासमोरचे तिरपे पाय जोडीने टाकतो आणि स्वार त्या ठेक्यावर उठतो-बसतो. रूढ पद्धत अशी, की बाहेरचा पुढचा पाय पुढे जाताना उठायचं. दिशा बदलली की एक ठेका जास्त बसून जोडी बदलायची, वाक बदलायचा, पाय बदलायचे. सगळं दोन-तीन पावलांत. जमिनीवर आडवे बांबू टाकले की वेगाची लबाडीही उघडी पडते. दुडकीसाठी त्यांच्यात साधारण १.२ ते १.४ मीटर अंतर, लहान तट्टू असेल तर कमी. घोडा धावत सुटला किंवा रेंगाळला की खूर बांबूवर आपटतो.

हे खूळ आजकालचं नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने घोड्याला दोन्ही बाजूंना सारखं फिरवा, असं लिहून ठेवलं. निव्वळ गोलापेक्षा त्याला लांबट रिंगण पसंत होतं, कारण थोडं सरळ चालून आलेला घोडा खुशीने वळतो. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवे स्वार आजही लांब दोरीवरच्या घोड्यावर, रिकिबीशिवाय, गोल फिरत महिनोन्‌महिने मांड पक्की करतात. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (रिंगणात आखीव चाली करून दाखवण्याचा प्रकार) संघाने सुवर्णपदक मिळवलं. चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. त्या स्पर्धेचं रिंगण मोठं, २० बाय ६० मीटरचं, पण त्यातही वर्तुळं आणि नागमोडी आहेतच.

कंटाळ्याबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. रोज त्याच कोपऱ्यात कँटर (दुडकीहून वेगवान चाल) मागितला, तर घोडा इशाऱ्याआधीच उधळायच्या बेतात असतो. पाठांतर झालेलं असतं त्याचं. शिवाय लहान वर्तुळांचा अतिरेक सांध्यांना जाचतो. चांगले शिक्षक दर काही मिनिटांनी दिशा बदलतात, मध्ये लगाम सैल सोडून चालवतात, जागा आणि क्रम फिरवत राहतात. तुमच्या क्लबात हे होत नसेल तर विचारायला संकोचू नका. अधूनमधून रिंगणाबाहेर रपेट होते का, हेही विचारा. मुलीइतकीच घोड्यालाही ती हवी असते.