श्रीक्षेत्र करवीर : नगरीची आख्यायिका आणि इतिहास

पंचगंगेच्या तीरावर वसलेल्या कोल्हापूर नगरीचे प्राचीन नाव करवीर. ‘करवीर माहात्म्य’ या ग्रंथात तिची थोरवी वर्णिली असून, भाविक तिला ‘दक्षिण काशी’ म्हणून गौरवितात.

आख्यायिकेनुसार कोल्हासुर नामक दैत्याने येथील प्रजेस अनन्वित छळले. देवांच्या प्रार्थनेवरून श्रीमहालक्ष्मीने त्याच्याशी युद्ध करून त्याचा वध केला. अंतसमयी शरण आलेल्या कोल्हासुराने या क्षेत्रास आपले नाव लाभावे, असा वर मागितला आणि जगदंबेने तो दिला. आश्विन शुद्ध पंचमीस, म्हणजेच ललिता पंचमीस, त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडण्याचा विधी होतो, तो या वधाचे स्मरण म्हणून. दैत्य संपला, पण शरणागताचे नाव देवीने पुसले नाही.

पुराणकथेस सन-संवत नसतो; तो भूमीच्या उदरात शोधावा लागतो. नदीकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन समृद्ध वस्तीचे अवशेष उजेडात आले. याच ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्तीही सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या घाटवाटांनी रोमन व्यापाराचा माल या नगरापर्यंत पोहोचत होता, याची ती साक्ष होय.

पुढे येथील शिलाहार राजांनी आपणांस महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभल्याचे आपल्या लेखांतून अभिमानाने नोंदविले. राजवटी बदलल्या, आक्रमणे झाली. संकटकाळी सुरक्षित स्थळी ठेवलेली देवीची मूर्ती छत्रपती संभाजी (दुसरे) यांच्या कारकिर्दीत, १७१५ मध्ये, मंदिरात पुन्हा प्रतिष्ठापित झाली.

आख्यायिका नगरीच्या नावाचा भावार्थ सांगते, तर इतिहास तिच्या वयाचा दाखला देतो. एकाने दुसऱ्यास खोटे ठरविण्याचे कारण नाही. तसेच एकाच्या जागी दुसऱ्यास बसविणेही उचित नाही. ज्या भूमीवर आपण मस्तक ठेवतो, तिच्या पोटातील विटा, खापरे व नाणी हाही पूर्वजांचा ठेवाच होय. तो जपणे ही देवीची सेवाच आहे. म्हणून श्रीदर्शनानंतर भाविकांनी सवड काढून ब्रह्मपुरी आणि तेथील प्राचीन वस्तू जतन करणारे टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे.